गोगलगायी आणि मशरूम, पांढऱ्या वाइनच्या सॉसमध्ये (बूर्गोन्यची पाकृ)

दिजाँकर

एस्कार्गो, म्हणजे खायच्या गोगलगायी, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच पदार्थ येतो. सहा खळग्यांची ताटली, प्रत्येक खळग्यात एक शंख आणि त्याच्या तोंडाशी उकळणारं लसूण-पार्स्लीचं हिरवं लोणी. चांगलाच लागतो, वाद नाही. पण तिथे जिभेवर राहतं ते लसूण आणि लोणी. गोगलगायीची स्वतःची चव घ्यायची असेल तर ती पांढऱ्या वाइनच्या सॉसमध्ये, मशरूमच्या सोबतीने खावी, असं माझं ठाम मत आहे. मी बूर्गोन्य प्रांतात, दिजाँला राहते. इथल्या घरांत दोन्ही प्रकार होतात. हा दुसरा प्रकार मराठीत कुणी नीट लिहिलेला मला दिसला नाही, म्हणून हा धागा.

चव कशी असते ते आधी सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येणार. मासळीचा वास अजिबात नाही. ओल्या मातीसारखा हलका दरवळ, किंचित गोडसरपणा, आणि दाताखाली येईल इतपत चिवटपणा. मशरूममध्येही तोच मातकटपणा असतो, म्हणून दोघांचं इतकं जमतं. वाइनचा आंबटपणा मध्ये नसेल तर मात्र सगळा प्रकार बोजड होतो.

आता गोगलगायीबद्दल. फ्रान्समध्ये खातात त्या मुख्यतः दोन जातींच्या. एक मोठी, फिकट तपकिरी शंखाची 'बूर्गोन्य', शास्त्रीय नाव हेलिक्स पोमातिया. दुसरी लहान 'पती-ग्री', म्हणजे कॉर्नू आस्पर्सुम. या दुसरीचाच एक थोराड प्रकार 'ग्रो-ग्री' नावाने पाळतात. बूर्गोन्य पाळायला अवघड, पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षं घेते. पती-ग्री काही महिन्यांत तयार होते. त्यामुळे फ्रेंच शेतकऱ्याने पाळलेली गोगलगाय बहुधा पती-ग्री किंवा ग्रो-ग्री असते, आणि डब्यावर 'बूर्गोन्य' लिहिलेली बरीचशी पोलंड, रुमानिया, हंगेरी अशा देशांतून गोळा होऊन आलेली असते. नावात बूर्गोन्य आहे म्हणजे ती इथल्याच द्राक्षमळ्यातली, असं समजू नका.

इथे रानातून वेचण्यावर १९७९ पासून बंधनं आहेत. १ एप्रिल ते ३० जून या काळात बूर्गोन्य वेचायला पूर्ण बंदी, आणि एरवीही शंखाचा व्यास किमान ३ सेंटिमीटर असायला हवा. अंडी घालायच्या दिवसांत त्यांना हात लावायचा नाही, आणि पिल्लांना तर कधीच नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. बांधावरची झुडपं तोडली, फवारण्या वाढल्या, आणि एकेकाळी पावसानंतर बादलीभर मिळणारा प्राणी जपावा लागतोय.

साहित्य (चार जणांना, जेवणाच्या सुरुवातीला):
डब्यातल्या शिजवलेल्या गोगलगायी ३ डझन, पांढरे बटण मशरूम ३०० ग्रॅम, एशालोत मध्यम आकाराचे २, लसणाची १ पाकळी, लोणी ४० ग्रॅम, ड्राय (गोड नसलेली) पांढरी वाइन २५० मिली, भाज्यांचा किंवा कोंबडीचा स्टॉक १०० मिली, क्रेम फ्रेश (घट्ट, किंचित आंबट क्रीम) १५० मिली, थाइमची एक काडी, लॉरेलचं पान, मूठभर पार्स्ली, मिरी, मीठ, चिमटीभर जायफळ.

एशालोत म्हणजे लहान, लांबट, गुलाबीसर कांदा. भारतात सांबारचे छोटे कांदे वापरा, पाच-सहा घ्या. लॉरेलचं पान म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या तमालपत्राला दालचिनीच्या अंगाचा वास असतो, तो इथे नको. लॉरेल नसेल तर सरळ वगळा.

कृती:
डब्यातल्या गोगलगायी चाळणीत काढून गार पाण्याखाली धुवा. मग थोडं पाणी, वाइनचा एक घोट, थाइम आणि लसणाची ठेचलेली पाकळी यांत दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. डब्याचा वास जातो. निथळून बाजूला ठेवा.

मशरूम ओल्या फडक्याने पुसून घ्या, पाण्यात भिजवत ठेवू नका. जाड काप करा. पसरट कढई चांगली तापू द्या आणि मशरूम गर्दी न करता दोन खेपांत टाका. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते सुटून आटेपर्यंत आच मोठीच ठेवायची. कडा तांबूस झाल्या की मगच अर्धं लोणी आणि मीठ. मीठ आधी पडलं, आच कमी राहिली, तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि त्यांना रंग येत नाही. या पदार्थातली निम्मी चव त्या तांबूस रंगातच आहे. मशरूम काढून घ्या.

त्याच कढईत उरलेल्या लोण्यातलं थोडं घालून बारीक चिरलेला एशालोत मंद आचेवर परता. मऊ, पारदर्शक व्हायला हवा, लाल नाही. त्यावर वाइन ओता. तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून वाइनमध्ये उतरवा आणि आटवत ठेवा. पाव भाग उरेपर्यंत, म्हणजे साधारण चार मोठे चमचे. इथे घाई करू नका. वाइन पुरती आटली नाही तर सॉस कच्चा, तुरट लागतो, मग पुढे कितीही क्रीम घाला. आटल्यावर स्टॉक, लॉरेलचं पान आणि गोगलगायी घाला, झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं. मग आच अगदी मंद करून क्रीम, आणि मशरूम परत कढईत. सॉसमध्ये चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली, की झालं. आच बंद. राहिलेल्या गार लोण्याचा तुकडा फिरवून विरघळवा, मिरी, जायफळ, पार्स्ली.

लहान वाट्यांत गरम वाढा, सोबत कडक कवचाचा पाव. सॉस शेवटच्या थेंबापर्यंत पावाने पुसून खायचा.

---

कोकणकडा

फार सविस्तर आणि छान लिहिलंय, ताई. मी रत्नागिरीचा, तिसऱ्या, कालवं, खुबे यांवर वाढलेला, त्यामुळे शंख-शिंपल्यांचं वावडं नाही. एक शंका. तिसऱ्या जरा जास्त शिजल्या की आखडतात आणि चामट होतात. तुम्ही तर गोगलगायी आधी दहा मिनिटं, मग परत सात मिनिटं शिजवताय. त्या कडक होत नाहीत?

---

दिजाँकर

चांगला प्रश्न. तिसरी आणि गोगलगाय यांत मोठा फरक आहे. तिसऱ्यांचं मांस नाजूक, शिंपला उघडला की काम झालं. गोगलगायीचा आपण खातो तो भाग म्हणजे तिचा पाय, तिचं सगळं आयुष्य ज्यावर सरकत जातं तो स्नायू. तो घट्ट असतो आणि तासन् तास शिजल्यावरच मऊ पडतो. डब्यातल्या आधीच तशा शिजवलेल्या असतात. आपण फक्त वास घालवतो आणि सॉस मुरवतो. म्हणून खळखळ उकळी नको, नुसतं हलकं थरथरणारं पाणी हवं.

ताज्या गोगलगायींची तयारी मोठी असते. आधी आठ-दहा दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पोट साफ होतं. ही पायरी टाळता येत नाही, कारण गोगलगायीला न बाधणाऱ्या काही वनस्पती माणसाला विषारी असतात. मग उकळत्या पाण्यात काही मिनिटं, गार पाण्यात, आणि शंखातून काढणं. बूर्गोन्यच्या टोकाकडचा गुंडाळलेला काळपट भाग कडवट असतो, तो कापून टाकतात. मग गाजर, कांदा, थाइम, मिरी आणि वाइन घातलेल्या पाण्यात, ज्याला कूर-बुइयों म्हणतात, बूर्गोन्य दोन ते तीन तास आणि पती-ग्री त्याच्या निम्म्या वेळात शिजते. त्यानंतर सॉसची गोष्ट. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने डब्यातल्या किंवा पाळणाऱ्याकडून शिजवून, गोठवून मिळणाऱ्या घ्याव्यात.

तुमच्या तिसऱ्यांना हाच सॉस चालेल, फक्त क्रम उलटा. वाइन आणि कांदा उकळत असताना तिसऱ्या टाका, झाकण ठेवा, उघडल्या की लगेच काढा, आणि मग उरलेलं पाणी गाळून आटवा. इथे शिणाणे, म्हणजे मसल्स, असेच करतात. त्या पदार्थाला मूल मारिनियेर म्हणतात. मशरूम मात्र तिसऱ्यांबरोबर घालू नका. समुद्राची खारट चव आणि रानातली चव एकमेकींना खातात.

---

पॅरिसचौक

पाकृ उत्तम आहे, पण लसूण-लोण्यावर थोडा अन्याय होतोय, म्हणून लिहितोय. मी पॅरिसमध्ये राहतो. इथे नाताळ आणि नववर्षाच्या जेवणात एस्कार्गो नसतील अशी घरं कमी, आणि ते येतात ते लोण्यातलेच. त्यामागे परंपरा आहे. १८१४ मध्ये रशियाचा झार अलेक्झांडर पहिला पॅरिसमध्ये तालेराँ या फ्रेंच मुत्सद्द्याच्या घरी उतरला होता, आणि त्याच्यासाठी आंतोनँ कारेम या शेफने लसूण-पार्स्ली-लोण्यातल्या गोगलगायी केल्या, अशी कथा सांगतात. कथेत किती तथ्य आहे ते सोडून द्या. पण हा पदार्थ फ्रेंच जेवणाची ओळख झाला तो त्या लोण्यामुळेच. लोणी शंखात वितळतं, रस आत राहतो, शंख हातातल्या चिमट्याने धरून दोन काट्यांच्या लहान फोर्कने ओढून काढायचा आनंद वेगळाच. वाटीतल्या सॉसमध्ये ते सगळं जातं.

आणि इतिहासच काढायचा तर फ्रान्सच्या कितीतरी आधी रोमन लोक गोगलगायी पाळत होते. प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सीझर आणि पॉम्पी यांच्या युद्धाच्या थोडं आधी, फुल्विउस लिप्पिनुस नावाच्या माणसाने तार्क्विनी गावाजवळ गोगलगायींसाठी वेगवेगळे वाफे केले. जातीनुसार त्यांना वेगळं ठेवायचं, आणि आटवलेला द्राक्षरस व पीठ खायला घालून पुष्ट करायचं.

---

दिजाँकर

रोमन वाफ्यांची माहिती फार आवडली. द्राक्षाची आणि गोगलगायीची जोडी इतकी जुनी आहे हे पाहून आनंद झाला.

लोण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण परंपरा म्हणजे फक्त तेवढंच, असं नाही. फ्रान्समध्ये प्रांत बदलला की गोगलगाय बदलते. पश्चिमेला शारांतमध्ये पती-ग्रीला कागुई म्हणतात आणि ती टोमॅटो, लसूण, वाइनमध्ये शिजते. स्पेनच्या सीमेजवळ रूसियोंमध्ये कार्गोलाद करतात. द्राक्षवेलींच्या वाळक्या काड्यांच्या निखाऱ्यावर जाळी, तिच्यावर जिवंत शंख उलटे मांडलेले, वर मीठ-मिरी आणि चरबीचे थेंब, सोबत आयोली, म्हणजे लसूण-तेलाचा घट्ट सॉस. अल्सासमध्ये तिथल्याच रीस्लिंग वाइनच्या पाण्यात शिजवतात. बूर्गोन्यात गोगलगाय द्राक्षमळ्यातच फिरायची, तिथली वाइन तिच्या भांड्यात येणारच. वाइन आणि क्रीमचा सॉस म्हणजे हॉटेलवाल्यांची नवी कल्पना नाही, ते इथल्या स्वयंपाकघरातलं रोजचं साहित्य आहे.

शंखातून ओढून काढण्याची मजा जाते, हे खरं. तिची भरपाई म्हणून मी कधी कधी पफ पेस्ट्रीच्या पोकळ वाटीत, व्होल-ओ-व्हाँमध्ये, हे मिश्रण भरते. वरून कुरकुरीत, आतून सॉस. पाहुण्यांना पहिल्यांदा खाऊ घालायचं असेल तर हाच प्रकार करा. शंख समोर नसला की निम्मा संकोच जातो.

---

सोयाबीनवाला

मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी. धागा वाचून राहवलं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्याकडे, बीडला, उस्मानाबादला शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. कितीतरी जणांना दुबार पेरणी करावी लागली. रात्री बॅटरी घेऊन आम्ही पोत्यांनी गोगलगायी वेचल्या. गावात काही जण म्हणाले, परदेशात याच गोगलगायी महाग विकतात, आपण खाऊ किंवा विकू शकत नाही का? मनापासून विचारतोय. त्या खाण्याजोग्या आहेत का?

---

दिजाँकर

दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. उत्तर स्पष्टच देते: शेतातल्या त्या गोगलगायी कृपा करून कुणी खाऊ नका.

ती जात वेगळी. तिला आफ्रिकन महागोगलगाय म्हणतात, पूर्वी आखातिना फुलिका, आता लिस्साखातिना फुलिका. मूळ पूर्व आफ्रिकेतली. भारतात ती १८४७ मध्ये आली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशास्त्राच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, आणि तिथून ती देशभर पसरली. आशियातल्या काही देशांत तिला खाण्यासाठी पाळतात आणि डब्यातूनही विकतात, पण फ्रान्समध्ये तिच्या डब्यावर 'आशातीन' असंच लिहावं लागतं, एस्कार्गो म्हणून विकता येत नाही. चवीला रबरासारखी, मातकटपणाचा मागमूस नाही.

खरा धोका चवीचा नाही, तो पुढे कुणी डॉक्टर सांगतील तर बरं.

---

श्वासमोकळा

मी डॉक्टर आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

शंखी गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमींच्या अळ्या असू शकतात. कृमीचं नाव अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस. प्रौढ कृमी उंदरात राहते, तिच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातात. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय माणसाने खाल्ली, किंवा तिच्या तुकड्यांसकट न धुतलेली पालेभाजी पोटात गेली, तर अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, अंगाला मुंग्या, आणि क्वचित जीवही जातो. नीट शिजवल्याने अळ्या मरतात, हे खरं. पण शेतातल्या गोगलगायींच्या पोटात त्यांना मारायला टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या आणि इतर फवारण्या गेलेल्या असतात, आणि ते विष शिजवून जाईल यावर विसंबता येत नाही. म्हणून शेतातली गोगलगाय ताटात येता कामा नये. वेचतानाही हातमोजे घाला, मुलांना वेचायला लावू नका, आणि पावसाळ्यात शेतातली कोथिंबीर-मेथी दोन-तीन पाण्यांनी धुवा.

दुसरी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. ज्यांना घरातल्या धुळीतल्या माइट किड्यांची ॲलर्जी आहे, सकाळी उठल्या उठल्या शिंका, दमा, त्यांना गोगलगाय खाल्ल्यावर जोरदार दम्याचा झटका येऊ शकतो. दोन्हींतली काही प्रथिनं शरीराला सारखीच वाटतात. युरोपात अशा रुग्णांची चांगली नोंद आहे. अशा व्यक्तींनी हा पदार्थ टाळावा, 'एकच चाखून बघते' असंही नको. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

हे सोडलं तर पोषणाच्या दृष्टीने गोगलगाय उत्तम. १०० ग्रॅममध्ये सुमारे १६ ग्रॅम प्रथिनं, जेमतेम दीड ग्रॅम चरबी, ९० कॅलरी, आणि भरपूर मॅग्नेशियम. सॉसमधल्या लोण्या-क्रीमचा हिशोब अर्थात वेगळा.

---

सोयाबीनवाला

तुम्हा दोघींचे मनापासून आभार. उंदराच्या कृमीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मी हा प्रतिसाद आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर, जून-जुलैतच, संध्याकाळी बांधाला ओली गोणपाटं टाकून ठेवायची आणि पहाटे त्याखाली गोळा झालेल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या, हा उपाय सगळ्यांत कामाचा ठरला. गाव एकत्र आलं तरच. एकट्याने आपल्या रानातल्या वेचल्या तर शेजारच्या रानातून परत येतात. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते.

---

दिजाँकर

एक जोड देते: यांत नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते. म्हणून त्या इतक्या झपाट्याने वाढतात, प्रत्येकच अंडी घालू शकते. तुमचा गोणपाटाचा उपाय इथल्या भाजीमळेवाल्यांनाही सांगेन.

---

द्राक्षबाग

नाशिकहून. वाइनबद्दल विचारायचं होतं. इथे शेनँ ब्लाँ सहज मिळते आणि सोव्हिन्यों ब्लाँही. सुलाने २००० मध्ये सुरुवात केली ती याच दोन वाइननी. स्वयंपाकाला कोणती? आणि क्रेम फ्रेशऐवजी आपल्याकडचं पंचवीस टक्के चरबीचं क्रीम चालेल का? ते आंबटाबरोबर फाटेल अशी भीती वाटते.

---

दिजाँकर

सोव्हिन्यों ब्लाँ घ्या. भारतीय शेनँमध्ये बऱ्याचदा गोडवा राहतो, आणि वाइन पाव भागापर्यंत आटवली की तो गोडवा चौपट होऊन सॉसभर पसरतो. सोव्हिन्योंचा हिरवट, पाल्यासारखा वास पार्स्लीशी जुळतो. ओकच्या पिंपात मुरवलेली कोणतीही पांढरी वाइन टाळा, आटल्यावर लाकडाची कडवट चव उरते. इथे मी आलिगोते वापरते. बूर्गोन्यची स्वस्त, चटकन आंबट लागणारी पांढरी वाइन, गोगलगायीबरोबर प्यायलाही तीच. जरा मोकळा खर्च करायचा असेल तर शाब्ली. नाँतकडची मुस्कादेही चालते. महागडी जुनी वाइन कढईत ओतू नका, पण जी पिववत नाही ती स्वयंपाकातही घालू नका.

क्रीमची भीती योग्य आहे. चरबी जितकी कमी तितकं ते आंबटात फाटतं. इथल्या क्रेम फ्रेशमध्ये तीस टक्क्यांच्या वर चरबी असते, म्हणून ते उकळीही सोसतं. पंचवीस टक्केवालं वापरताना तीन गोष्टी पाळा. वाइन पूर्ण आटलेली असू द्या. क्रीम फ्रिजमधून आधी काढून ठेवा आणि सॉसचा एक डाव त्यात मिसळून मग कढईत घाला. आणि त्यानंतर उकळी अजिबात येऊ देऊ नका. दही घालू नका, ते नक्की फाटेल. क्रेम फ्रेशचा हलका आंबटपणा हवा असेल तर अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, लिंबाचे चार थेंब.

---

मुक्ता७

मी शाकाहारी, पण धागा पूर्ण वाचला, कारण सॉस वाचून करावासा वाटला. नुसत्या मशरूमवर जमेल का? आणि वाइनमधला अल्कोहोल उडून जातो ना? घरात सासूबाई आहेत, त्यांना चालणार नाही.

---

दिजाँकर

नुसत्या मशरूमवर फार सुंदर होतो. मात्र एकाच जातीवर थांबू नका. बटणबरोबर ऑयस्टर म्हणजे धिंगरी आणि वाळवलेले शिताके घ्या. शिताके भिजवलेलं पाणी गाळून स्टॉकच्या जागी घाला. गोगलगायीमुळे येतो तो चावायला मिळणारा भाग धिंगरीच्या जाड देठांतून मिळतो. ते उभे चिरून चांगले तांबूस भाजा. इथे शरदात सेप आणि जिरोल हे रानातले मशरूम मिळतात, तेव्हा मीही कित्येकदा गोगलगायी न घालताच करते.

अल्कोहोलबद्दल खरं तेच सांगते: सगळा उडत नाही. उकळीने बराच जातो, पण पंधरा मिनिटं शिजवल्यावरही त्यातला मोठा हिस्सा राहू शकतो, तास-दीड तासानेही थोडा राहतोच. इतकं आटवल्यावर कमी उरतो, शून्य नाही. सासूबाईंना चालत नसेल तर त्यांना न सांगता घालू नका. वाइनऐवजी २०० मिली स्टॉक आणि एक चमचा पांढरं व्हिनेगर एकत्र आटवा, शेवटी लिंबू. वाइनचा सुगंध येणार नाही, पण आंबट आणि मातकट यांचा तोल तसाच राहील.

---

गुगलीप्रेमी

नोकरीमुळे कोलकात्यात राहिलो, तिथली आठवण. बंगालमध्ये तळ्यांतल्या लहान गोगलगायी, गुगली, सर्रास खातात. बाजारात शंखातून काढून, साफ करून मिळतात. मोहरीच्या तेलात कांदा, लसूण, आलं, बटाटा घालून झणझणीत करी, आणि गरम भात. चवीला तुमच्या वर्णनापेक्षा वेगळी, चिखलाची छटा जास्त, म्हणूनच मसाला दणदणीत. ती गोड्या पाण्यातली, ही जमिनीवरची, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी घालून चालेल असं मला वाटत नाही.

---

दिजाँकर

अगदी बरोबर. गुगलीला मोहरीचं तेलच हवं, वाइन-क्रीममध्ये तिची चव उघडी पडेल. उलट बूर्गोन्यची गोगलगाय झणझणीत मसाल्यात घातली तर तिच्यावर केलेला सगळा खर्च वाया.

---

कोकणकडा

तिसऱ्या करून पाहिल्या, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने. उघडल्या की लगेच काढल्या, पाणी गाळून आटवलं, क्रीम अगदी थोडं. घरात सगळ्यांना आवडलं, आईने मात्र वर ओलं खोबरं मागितलं. उरलेला सॉस दुसऱ्या दिवशी गरम करता येईल का?

---

दिजाँकर

तिसऱ्या काढून घेऊन नुसता सॉस गरम करा, तिसऱ्या परत शिजवू नका. कढईत एक चमचा पाणी घालून सगळ्यांत मंद आचेवर, सतत ढवळत. उकळी येण्याआधी उतरवा. गोगलगायींचा सॉस मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्यासकट गरम केला तरी चालतो, रात्रभर मुरल्याने चव वाढते. फ्रिजमध्ये दोन दिवसांहून जास्त ठेवू नका. त्यात उरलेले मशरूम बारीक चिरून, वर पावाचा चुरा आणि लोणी घालून ओव्हनमध्ये लालसर करून घेतलं तर रविवारच्या दुपारचं जेवण होतं. आईंचं ओलं खोबरंही एकदा तिसऱ्यांवर घालून बघा, क्रीम मात्र मग वगळा.